आधी जागा, मग आजार: एमडीच्या वॉर्डातून न्यूरॉलॉजीकडे

एमबीबीएसनंतर ३ वर्षं एमडी मेडिसिन, मग ३ वर्षं डीएम किंवा डीआरएनबी (दोन्ही सुपरस्पेशालिटीच्या पदव्या) न्यूरॉलॉजी, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांचं शास्त्र, आणि वाटलं तर पुढं एखाद्या वर्षाची फेलोशिप. कागदावर वाट एवढीच आहे. पण कोल्हापुरात मेडिसिनची रेसिडेन्सी करणाऱ्या, न्यूरॉलॉजीची ओढ असलेल्या डॉक्टरांनी डीएमची जागा मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. न्यूरॉलॉजीचा निम्मा पाया एमडीच्या वॉर्डातच पडतो. तो तिथं पडला नाही, तर डीएमला तो भरून काढणं फार जड जातं, कारण मोठ्या संस्थेत एमआरआय इतक्या लवकर हातात येतो की पेशंट तपासायची सवय लागायच्या आतच सुटते.

ही सवय म्हणजे दोन प्रश्न, ठरलेल्या क्रमानं. बिघाड मज्जासंस्थेत नेमका कुठं आहे? आणि मग, तो कशानं झाला? क्रम उलटला की चुका सुरू होतात. ठरावीक उदाहरण सांगायचं तर, दोन्ही पाय ताठ झालेत, गुडघ्याचे रिफ्लेक्स (ठोका दिल्यावर आपोआप बसणारा झटका) उसळतात, प्लँटर वर जातोय (तळव्याला ओरखडा काढल्यावर अंगठा वर उचलतो), आणि पिशवीत कमरेचा एमआरआय आहे, तोही 'नॉर्मल'. पाठीचा कणा कमरेपर्यंत असला तरी मज्जारज्जू पहिल्या लंबर मणक्याशी संपतो. ताठ पाय आणि उसळणारे रिफ्लेक्स म्हणजे बिघाड त्याच्या वर. कमरेचा फोटो काढून तो दिसणारच नव्हता. छातीचा किंवा मानेचा भाग बघायला हवा होता, आणि तिथंही काही नसेल तर दोन्ही पायांचे भाग जिथं शेजारी असतात त्या मेंदूच्या मधल्या पट्टीकडं. हे सगळं रिफ्लेक्स तपासायचा हॅमर हातात असलेल्या माणसाला दहा मिनिटांत कळतं.

पेशंटचे शब्द आधी शिका

निदानाचा मोठा वाटा हिस्टरीत असतो, आणि हिस्टरी पुस्तकी मराठीत येत नाही. 'अंगावरून वारं गेलं' असं घरचे म्हणतात तेव्हा बहुतेक डॉक्टर स्ट्रोक लिहून मोकळे होतात. पण याच शब्दांत तोंड वाकडं झालेला बेल्स पाल्सीचा पेशंट येतो, फिटनंतर काही तास हात लुळा पडलेला येतो, पोटॅशियम घसरून चारही हातपाय गळालेला येतो आणि जीबीएसही (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) येतो. म्हणून 'वारं' हा शब्द केसपेपरवर जसाच्या तसा लिहा आणि पुढं विचारा: कुठल्या बाजूचं, कपाळाला आठ्या पडतात का, आणि किती वेळात.

'चक्कर' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी असतात. घर गरगरतंय, डोळ्यांपुढं अंधारी येते, किंवा चालताना तोल जातो. पहिली कानाकडं किंवा ब्रेनस्टेमकडं (मेंदूचा देठ) नेते, दुसरी बीपी आणि हृदयाकडं, तिसरी सेरेबेलम (तोल सांभाळणारा लहान मेंदू) किंवा पायांच्या संवेदनेकडं. 'मुंग्या', 'बधिर', 'जड' हेही असेच. 'हात जड झाला' म्हणजे शक्ती गेली की स्पर्श गेला, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

रोजच्या कामांवरून विचारलं की माणूस अचूक सांगतो. चालताना चप्पल पायातून निसटते का? निसटल्याचं कळतं का? निसटताना कळतं पण धरून ठेवता येत नाही, तर पायाची शक्ती कमी आहे. चार पावलं पुढं गेल्यावर दुसऱ्यानं सांगितल्यावर कळतं, तर संवेदना गेली आहे. तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो का? हा मोरीवरचा रॉम्बर्ग (डोळे मिटवून तोल बघायची तपासणी) आहे. उकिडवं बसून उठताना गुडघ्यावर हात टेकावे लागतात का? मांडीचे आणि कमरेचे स्नायू. वेणी घालताना हात दुखून खाली येतात का? खांद्याचे स्नायू. भाकरी थापायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो का, एकच हात मागं पडतो का? पार्किन्सनची सुरुवात अशी कळू शकते. पाणी पिताना नाकातून येतं का? टाळू.

वेळ हा हिस्टरीतला दुसरा खांब. काही सेकंदांत आलं तर रक्तवाहिनी किंवा फिट. तासांत किंवा दिवसांत वाढलं तर इन्फेक्शन किंवा दाह. आठवड्यांत वाढलं तर टीबी, गाठ किंवा बी-१२ ची कमतरता. वर्षांत वाढलं तर पेशी झिजण्याचे आजार. 'कधीपासून' असं विचारू नका, 'पहिल्यांदा जाणवलं तेव्हा हातात काय काम होतं' असं विचारा. 'धार काढत होतो, बादली हातातून सुटली' असं उत्तर आलं की सुरुवात अचानक होती हे पक्कं होतं.

स्मरणशक्ती तपासतानाही इथली मोजपट्टी वापरा. शंभरातून सात-सात वजा करायला लावणं शाळा न पाहिलेल्या आजीवर अन्याय आहे. ५० रुपयांची नोट दिली, १८ रुपयांची भाजी घेतली, परत किती आले, हे ती बाजारात रोज करते. महिने उलटे म्हणायला सांगायचे तर फाल्गुनापासून मागं. बेंदूर झाला की व्हायचाय, या एका प्रश्नात काळाचं भान कळतं.

हॅमर आणि बाकीची पिशवी

लांब दांड्याचा, जड डोक्याचा हॅमर घ्या. हलक्या हॅमरनं रिफ्लेक्स निघत नाही आणि रेसिडेंट 'अॅबसेंट' लिहून मोकळा होतो. रिफ्लेक्स नाही असं लिहिण्यापूर्वी पेशंटला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला लावून पुन्हा ठोका. कंपनाची जाणीव तपासायला ट्यूनिंग फोर्क १२८ हर्ट्झचा हवा. कान तपासायचा ५१२ चा फोर्क पायाच्या अंगठ्यावर ठेवून काही कळत नाही. शिवाय ऑप्थॅल्मोस्कोप, टॉर्च, कापूस, आणि टोचायला एकदाच वापरून टाकायच्या काड्या. एकाच पिनेनं वॉर्डभर टोचत फिरणं बंद झालं पाहिजे.

शेतात अनवाणी वावरलेल्या माणसाचे तळवे भेगाळलेले आणि टणक असतात. तिथं प्लँटर निघत नाही, म्हणून सोडून देऊ नका. बाहेरच्या घोट्याखालून करंगळीकडं ओरखडा काढा. अंगठा वर गेला तर अर्थ तोच. ही चॅडॉकची खूण.

संवेदनेची पातळी शोधताना पायाकडून वर या. छातीवर निपलची रेषा म्हणजे चौथी थोरॅसिक (छातीच्या भागातल्या नसेची) पातळी, बेंबी दहावी. पाठीवरूनही तपासा, पोटाची सैल कातडी फसवते.

फंडस, म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा, बघणं हे सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम आहे. दर दिवशी एका माणसाचे दोन्ही डोळे बघायचे, अंधाऱ्या खोलीत, गरज पडली तर बाहुली मोठी करणारं ट्रॉपिकामाइड घालून. बेशुद्ध पेशंटमध्ये किंवा डोक्याला मार लागलेल्यात मात्र औषध घालू नका, बाहुलीवरची नजर सुटेल. पॅपिलोडिमा (डोक्यातल्या दाबानं डोळ्याच्या नसेच्या मुळाला आलेली सूज) ओळखायला आधी शेकडो नॉर्मल डिस्क पाहिलेल्या असाव्या लागतात, त्याला दुसरा उपाय नाही.

नुसत्या तपासणीनं काय होतं याचं मुंबईतलं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. जेजे रुग्णालयात न्यूरॉलॉजी उभी करणाऱ्या डॉ. नोशीर वाडियांनी १९७१ मध्ये नऊ कुटुंबांतला एक आनुवंशिक अॅटॅक्सिया (तोल आणि हालचालींचा ताळमेळ जाणारा आजार) मांडला. त्याची खूण होती डोळ्यांची संथ हालचाल. एका वस्तूवरून दुसरीवर नजर झटकन जायला हवी, ती रांगत जायची. आज त्या रूपाला एससीए-२ म्हणतात आणि जीनची तपासणी होते. पण खूण सापडली ती पेशंटसमोर बसून, दोन बोटं धरून.

कोल्हापूरचा वॉर्ड काय शिकवतो

इथं गगनबावड्यापासून चंदगडपर्यंतचे, घाट चढून आलेले सिंधुदुर्गातले आणि सीमेपलीकडच्या निपाणी-चिकोडीकडचे पेशंट येतात. यातून जे शिकता येतं ते महानगरातल्या संस्थेत क्वचित मिळतं.

स्ट्रोकमध्ये पहिलं काम घड्याळाचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ४.५ तासांच्या आत द्यायचं, आणि हे तास लक्षण दिसल्यापासून नव्हे, माणूस शेवटचा धडधाकट पाहिल्यापासून मोजायचे. 'सकाळी सहाला उठवायला गेलो तर हात हलेना' असं सांगितलं की विचारा, रात्री लघवीला कोणी उठलेलं पाहिलं का, पहाटे चुलीला पाणी कोणी ठेवलं. शेजारणीला फोन लावा. या एका उत्तरावर उपचार ठरतो. मग ग्लुकोमीटर, कारण शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाची शुगर उतरली की हुबेहूब स्ट्रोकसारखा अर्धा भाग लुळा पडू शकतो. मग साधा सीटी. बीपी १८५/११० च्या खाली आणल्याशिवाय इंजेक्शन नाही, आणि दिल्यावर २४ तास १८०/१०५ च्या खाली. अल्टेप्लेज ०.९ मिग्रॅ प्रति किलो, जास्तीत जास्त ९० मिग्रॅ. ६० किलोच्या माणसाला ५४ मिग्रॅ होतात, त्यातले ५.४ एका मिनिटात शिरेतून आणि उरलेले ४८.६ एका तासात. वजन अंदाजानं लिहू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू नसतील आणि रक्ताचा आजार नसेल तर आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आणि प्लेटलेटच्या रिपोर्टची वाट बघत बसू नका. पुढचे २४ तास अॅस्पिरिन नाही, दुसरा सीटी पाहूनच. ज्यांना इंजेक्शन द्यायचं नाही त्यांचं बीपी २२०/१२० पर्यंत चालतं. घाबरून ते १२० वर आणलं की वाचू शकणारा मेंदूचा भाग मरतो.

सतत चालणाऱ्या फिट्समध्ये चूक जवळजवळ नेहमी एकच, डोस कमी. ५ मिनिटांत फिट थांबली नाही की ती आपोआप थांबेल या आशेवर राहायचं नाही. मोठ्या माणसाला लोराझेपाम ४ मिग्रॅ शिरेतून. शीर सापडत नसेल तर मिडाझोलाम १० मिग्रॅ दंडात किंवा मांडीत. त्यानंतर लगेच लेव्हेटिरासिटाम ६० मिग्रॅ प्रति किलो, कमाल ४५०० मिग्रॅ. म्हणजे ६० किलोला ३६०० मिग्रॅ, आणि केसपेपरवर दिसतात ५००. फेनिटॉइन वापरणार असाल तर २० मिग्रॅ प्रति किलो, फक्त नॉर्मल सलाइनमध्ये, मिनिटाला ५० मिग्रॅपेक्षा जास्त वेगानं नाही. डेक्स्ट्रोजमध्ये त्याचा साका बसतो, आणि घाईत दिलं तर हृदयाची लय बिघडते. दारू पिणाऱ्या किंवा उपाशी माणसाला ग्लुकोजच्या आधी थायमिन.

घरच्यांशी पाच मिनिटं बोला. कांदा, चप्पल हुंगवणं, दातांत चमचा घालणं अजून घरोघरी चालतं. कुशीवर वळवा, वेळ मोजा, तोंडात काही घालू नका, आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. तो व्हिडिओ कधीकधी ईईजीपेक्षा (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) जास्त सांगतो. खऱ्या फिटमध्ये डोळे सहसा उघडे असतात. घट्ट मिटलेले असतील तर थांबून पुन्हा विचार करा.

जीबीएस पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये झपाट्यानं वाढला तेव्हा सगळ्यांच्या तोंडी झाला, पण वॉर्डात तो बारमाही असतो. पायांकडून चढणारी कमजोरी आणि गेलेले रिफ्लेक्स, एवढ्यावर निदान करायचं. पहिल्या आठवड्यात सीएसएफचं (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याचं) प्रोटीन नॉर्मल येऊ शकतं, नर्व्ह टेस्टही (नसांमधल्या विजेच्या वेगाची तपासणी). 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणून घरी पाठवणं जिवावर बेतू शकतं. ऑक्सिजन सॅच्युरेशनवर विसंबू नका, ते सगळ्यात शेवटी पडतं. पेशंटला एका दमात एक, दोन, तीन मोजायला लावा, दर चार तासांनी, आणि आकडा चार्टवर लिहा. वीसच्या खाली येऊ लागलं की आयसीयूला कळवा. व्हायटल कपॅसिटी (एका दमात बाहेर सोडता येणारी हवा) किलोमागं २० मिलीच्या खाली गेली की नळी घालायची तयारी. आयव्हीआयजी (शिरेतून द्यायची अँटिबॉडी) ०.४ ग्रॅम प्रति किलो रोज, ५ दिवस. ६० किलोला एकूण १२० ग्रॅम. हा खर्च झेपत नसेल तर प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला द्रव भाग बदलणं) तितकंच गुणकारी आहे, आणि हा पर्याय नातेवाइकांना पहिल्याच दिवशी सांगायचा असतो, पैसे संपल्यावर नाही.

मण्यार हा इथल्या पावसाळ्याचा धडा. जमिनीवर झोपलेला माणूस मध्यरात्रीनंतर पोटात दुखतंय म्हणून उठतो, सकाळी पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, मग श्वास. दंशाची खूण बहुधा सापडत नाही, म्हणून 'साप चावला का' या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर येतं. अशा सकाळी पडलेल्या पापण्या म्हणजे मण्यार, वेगळं सिद्ध होईपर्यंत. सर्पविषप्रतिबंधक लसीच्या १० कुप्यांनी सुरुवात. नागाच्या दंशात निओस्टिग्मिनला अॅट्रोपिनची जोड दिली की चांगला फरक पडतो. मण्यारीचं विष मज्जातंतूचं टोकच निकामी करत असल्यानं तिथं निओस्टिग्मिनचा उपयोग कमी, आणि व्हेंटिलेटरवर दिवसच्या दिवस थांबावं लागतं. यातली सगळ्यात भयंकर चूक म्हणजे बाहुल्या फाकलेल्या, एकही रिफ्लेक्स नाही म्हणून ब्रेन डेड ठरवणं. तो माणूस आतून ऐकत असू शकतो. त्याच्या खाटेशेजारी काय बोलतो याचं भान ठेवा, आणि त्याच्या घरच्यांना सांगा की त्याच्याशी बोलत राहा.

फवारणीचं औषध प्यायलेल्या पेशंटला अॅट्रोपिनवर स्थिर केलं की रेसिडेंटचं लक्ष उडतं. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी इंटरमीडिएट सिंड्रोम (मानेचे आणि श्वासाचे स्नायू गळणं) गाठतो. रोज सकाळी एकच गोष्ट करा, उशीवरून डोकं उचलायला सांगा. मान उचलली नाही तर श्वास जाणार आहे. आणि डिस्चार्जनंतर दोन-तीन आठवड्यांनी फॉलोअपला बोलवा, काहींचे पाय तेव्हा लुळे पडतात आणि तो वेगळाच आजार समजला जातो.

बाळंतिणीचं डोकं दुखतंय आणि फिट आली, तर मेंदूच्या शिरेतली गुठळी आठवलीच पाहिजे. काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात, त्यानं रक्त आणखी दाटतं. साधा सीटी नॉर्मल असू शकतो, किंवा धमनीच्या हद्दीत न बसणारा रक्तस्राव दाखवतो. व्हेनोग्राम, म्हणजे शिरांचा स्कॅन, मागा. रक्तस्राव दिसतोय म्हणून हेपारिन रोखून धरणं चुकीचं आहे, तो रक्तस्राव गुठळीमुळंच झालेला असतो.

एलपीचं (पाठीत सुई घालून सीएसएफ काढायचं) तंत्र एमडीतच हातात बसलं पाहिजे. आधी फंडस. मग कूस, गुडघे पोटाशी, पाठ पलंगाला काटकोनात. दोन्ही इलियाक क्रेस्ट (कमरेच्या हाडांच्या वरच्या कडा) जोडणारी रेषा, तिथली किंवा तिच्या वरची फट, २२ गेजची सुई. दाब कुशीवरच मोजायचा, बसवून मोजलेला आकडा निरुपयोगी. मॅनोमीटर नसेल तर निर्जंतुक आयव्हीची नळी उभी धरून पट्टीनं सेंटिमीटर मोजतात, २५ च्या वर म्हणजे वाढलेला. टीबीची शंका असेल तर २ मिली पाठवून भागत नाही, ६ ते १० मिली काढा, कारण जंतू मोजकेच असतात. त्याच वेळी रक्तातली शुगर घ्या. ती विसरली तर सीएसएफच्या शुगरला अर्थच उरत नाही, आणि ही चूक नेहमीची आहे.

प्रवेशाचं गणित

डीएम न्यूरॉलॉजीला एमडी मेडिसिन किंवा एमडी पेडिअॅट्रिक्स चालतं. बालरोगवाल्यांना पेडिअॅट्रिक न्यूरॉलॉजीचा वेगळा डीएमही काही संस्थांत आहे. बहुतेक जागा नीट-एसएसनं (सुपरस्पेशालिटीची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) भरतात. परीक्षा १५० प्रश्नांची, अडीच तासांची, बरोबरला ४ गुण, चुकीला वजा १. पेपर पूर्ण मेडिसिन गटाचा असतो, न्यूरॉलॉजीचा वेगळा नसतो. फक्त न्यूरॉलॉजी वाचून बसणारे इथंच मार खातात. हृदय, मूत्रपिंड, हार्मोन्स सोडून चालत नाही. एम्स, निमहान्स, चंदीगडचं पीजीआय, जिपमर यांची आयएनआय-एसएस वेगळी, वर्षातून दोनदा, आणि तिथं लेखीनंतर विभागाकडून प्रत्यक्ष मूल्यमापन होतं. वॉर्डात केलेली तपासणी तिथं कामाला येते.

तयारी एमडीच्या दुसऱ्या वर्षी सुरू करा, पण पहिल्या महिन्यापासून एक वही ठेवा. आठवड्याला दोन न्यूरोचे पेशंट, पूर्ण हिस्टरी, तपासणी, 'कुठं' आणि 'कशानं' हे स्कॅन बघण्यापूर्वी लिहून, खाली तारीख. मग स्कॅन बघा आणि चुकलं ते लाल शाईनं लिहा. तीन वर्षांत तीनशे पेशंट होतात. त्याच्या तोडीचा क्लास कुठंही मिळत नाही.

थिसिसचा विषय स्वतःच्या वॉर्डात येणाऱ्या पेशंटमधून निवडा. पहिल्यांदा फिट येऊन दाखल झालेले प्रौढ, स्ट्रोकला पोचायला उशीर का होतो, असे. महागड्या किटवर किंवा बाहेरच्या लॅबवर अवलंबून असलेला विषय अर्ध्यात लटकतो. जिल्हा रेसिडेन्सीचे तीन महिने वाया घालवू नका. उपजिल्हा रुग्णालयात असताना तिथल्या कॅज्युअल्टीला एकच गोष्ट बसवून द्या: स्ट्रोकची शंका आली की शेवटचा धडधाकट असल्याचा वेळ चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत लिहायचा आणि पेशंट निघतानाच फोन करायचा. गडहिंग्लजहून किंवा चंदगडहून येणाऱ्याचा रस्त्यातला वेळ त्यानं सत्कारणी लागतो.

कॉलेजची यादी भरताना नावापेक्षा तिथल्या सेकंड इयरच्या रेसिडेंटला फोन करून विचारा: रात्री स्ट्रोकचा कॉल कोण घेतं, कॅथलॅब आहे का, व्हिडिओ ईईजी चालू आहे की कपाटात, नर्व्ह टेस्ट रेसिडेंट करतो की टेक्निशियन, शिकवायला कोण बसतं. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे यांची पेशंटसंख्या प्रचंड, पण झोप आणि वाचन दोन्ही चोरून करावं लागतं. खासगी रुग्णालयातल्या डीआरएनबीत यंत्रं भरपूर, पण स्वतः निर्णय घेण्याची मोकळीक किती ते विचारून घ्या. बाँडची अट आणि जागा सोडल्यास काय होतं, हे जागा स्वीकारण्यापूर्वी वाचा.

डीएमची तीन वर्षं

पहिलं वर्ष इमर्जन्सी आणि वॉर्डात जातं. दुसऱ्यात ईईजी, नर्व्ह टेस्ट, न्यूरोरेडिओलॉजी, न्यूरोसर्जरी, मानसोपचार, बाल न्यूरॉलॉजी अशा पाळ्या. तिसऱ्यात ओपीडी, दुसऱ्या विभागांचे कॉल आणि परीक्षा. शेवटी लेखी चार पेपर, तीन-तीन तासांचे, त्यातला एक मूलभूत विज्ञानाचा आणि एक नव्या घडामोडींचा. मग लाँग केस (एक पेशंट सविस्तर तपासून मांडायचा), शॉर्ट केसेस, तोंडी. नापास करतात ते लाँग केसमध्ये, आणि ज्ञान कमी म्हणून क्वचितच. सापडलेली खूण आणि सांगितलेली जागा यांचा मेळ बसत नाही म्हणून.

दोन यंत्रांबद्दल जरा थांबून सांगावंसं वाटतं, कारण त्यांचे रिपोर्ट सही करणाऱ्याच्या हातात असतात आणि चुकीचा रिपोर्ट पेशंटला वर्षानुवर्षं भोगावा लागतो.

ईईजीची तयारी आदल्या रात्री सुरू होते. खोबरेल तेल लावलेल्या केसांवर इलेक्ट्रोड बसत नाही. शाम्पूनं डोकं धुऊन, तेल न लावता यायला सांगा, आणि हे चिठ्ठीवर मराठीत छापा. उपाशी येऊ नका आणि फिटच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, हेही. इलेक्ट्रोड नजरेनं लावायचे नसतात. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेपनं मोजायचं, ३६ सेंमी भरलं तर दहा टक्के म्हणजे ३.६ वर पहिली खूण. प्रत्येक जागेचा अडथळा ५ किलोओहमच्या खाली. तीन मिनिटं जोरात श्वास, मग चमकणारा दिवा, आणि जमलं तर झोप. वाचताना नसलेला आजार दाखवण्याची चूक जास्त होते: झोपेच्या उंबरठ्यावरच्या टोकदार पण निरुपद्रवी लाटांना 'फिटचा आजार' म्हटलं जातं. उन्हात रांगेत उभं राहून घेरी येऊन पडलेली मुलगी अशा एका रिपोर्टवर पाच वर्षं व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध खाते, आणि ते औषध पुढं तिच्या गर्भाला घातक. आधी हिस्टरीवरून मत बनवा, मग ईईजी उघडा. फिटचा आजार असलेल्यांतही निम्म्याच्या आसपास लोकांचा पहिला ईईजी नॉर्मल येतो, म्हणून नॉर्मल रिपोर्टनं आजार नाकारता येत नाही.

नर्व्ह टेस्टमध्ये शत्रू थंडी. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी मोटारसायकलवरून आलेल्या माणसाचे हात गार असतात. तापमान एक अंश उतरलं की वेग सेकंदाला साधारण २ मीटरनं घटतो, आणि धडधाकट माणसाला न्यूरोपॅथी किंवा कार्पल टनेल चिकटवलं जातं. हाताचं तापमान ३२ अंशांच्या वर आणा, कोमट पाण्याची बादली पुरते, आणि रिपोर्टवर तापमान लिहा. अंतर मोजताना २० सेंमीत १ सेंमी चुकलं तर वेगात ५ टक्के चूक. कोपराजवळची अल्नर नर्व्ह कोपर वाकवूनच मोजा. मायस्थेनियासाठी (स्नायू लवकर थकण्याचा आजार) ३ हर्ट्झनं ठोके देताना १० टक्क्यांहून जास्त घट अर्थाची, पण हात हलला असेल तर तीच घट खोटी असते. टेक्निशियनच्या शेजारी बसून टेस्ट स्वतः केल्याशिवाय हे कळत नाही. पहिल्या शंभर टेस्ट स्वतःच्या हातानं कराव्यात असं आमचं ठाम मत आहे.

औषधांतली एक गोष्ट डीएममध्येही सुटते. फेनिटॉइन ३०० वरून ४०० मिग्रॅ केलं की रक्तातली पातळी तेवढ्याच प्रमाणात वाढत नाही, एकदम उसळते. आठवड्यानं पेशंट झुलत येतो आणि सेरेबेलमचा एमआरआय होतो. वाढवायचंच तर २५ ते ५० मिग्रॅनं.

फेलोशिप, आणि देशाबाहेर

डीएमनंतर लगेच प्रॅक्टिस सुरू करता येते. फेलोशिप घ्यायची ती ज्या कामासाठी यंत्रणा आणि चमू लागतो त्याकरिता. अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी कोण योग्य हे ठरवायला त्रिवेंद्रमचं श्री चित्रा किंवा निमहान्स. स्ट्रोकमध्ये गुठळी तारेनं ओढून काढायची तर कॅथलॅबचं प्रशिक्षण, आणि त्याला सहसा एका वर्षापेक्षा जास्त लागतं. स्नायूंचे आजार, पार्किन्सन आणि डिस्टोनिया, डोकेदुखी हे बाकीचे विषय. निवडताना आपण परत जाऊ त्या गावाकडं बघा. कोल्हापूरसारख्या ठिकाणी अपस्मार, स्ट्रोक आणि नर्व्ह-स्नायू यांचं काम रोज असतं.

अमेरिकेची रचना वेगळी आहे. तिथं एमडी मेडिसिनची पूर्वअट नाही. एमबीबीएसनंतर यूएसएमएलईच्या परीक्षा देऊन थेट न्यूरॉलॉजी रेसिडेन्सी, एकूण ४ वर्षं, पहिलं बहुतांशी मेडिसिनचं. बाल न्यूरॉलॉजी ५ वर्षं. फेलोशिप पुढं १ ते २ वर्षं. इथला डीएम करून गेलेल्यालाही सर्वसाधारणपणे तिथली रेसिडेन्सी पुन्हा करावी लागते, म्हणून जायचं की नाही हे एमडीला प्रवेश घेण्यापूर्वी ठरवलं तर इथली सहा वर्षं करून वर तिथली चार मोजावी लागत नाहीत.

परत आल्यावर पहिला महिना

ज्या रुग्णालयात रुजू होणार तिथं ओपीडीची वेळ ठरवण्यापूर्वी कॅज्युअल्टीत जा. सीटी रात्री दोन वाजता चालू असतो का, आणि टेक्निशियन इमारतीत असतो की घरी, ते बघा. गुठळीचं इंजेक्शन मेडिकल स्टोअरमधून बिल फाडून आणावं लागत असेल तर दोन कुप्या कॅज्युअल्टीच्या कपाटात ठेवून घ्या आणि त्यांची मुदत दर महिन्याला तपासायचं काम एका सिस्टरच्या नावावर लिहून द्या. वजनाचा काटा दारापाशी हवा, स्ट्रेचरसकट वजन घेता येईल असा मिळाला तर उत्तम. ६० किलोचा डोस, ७० किलोचा डोस, असा तक्ता मोठ्या मराठी अक्षरांत छापून भिंतीवर लावा. रात्री तीन वाजता इंटर्नला गुणाकार करावा लागू नये.